पंचवीस शब्दांची खुशाली

दुसऱ्या महायुद्धात मुंबईहून पुण्याकडे निघालेलं टपाल बोरघाटातूनच वर यायचं. कर्जतला गाडीच्या पाठीला ढकलणारी बँकर इंजिनं लागायची, खंडाळा-लोणावळा यायचं, मग सपाटीवरून मावळ पार करत गाडी पुण्याला. त्या थैल्यांत मराठा पलटणींतल्या पोरांची पत्रं असत, मनिऑर्डरी असत. पुरंदर-साताऱ्याच्या छावण्यांत ठेवलेल्या जर्मनभाषकांची पत्रं असत. १९४३ नंतर कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातल्या पोलिश निर्वासितांचीही. तिथल्या सुमारे पाच हजार माणसांत बायका-मुलंच जास्त. घरचे पुरुष पोलिश सैन्यात, आधी मध्यपूर्वेत, मग इटलीत.

परदेशी पत्र बंद पाकिटात पोचेल याची खात्री नव्हती. सेन्सॉर कडेने कापायचा, वाचायचा, नको तो मजकूर खोडायचा आणि चिकटपट्टी लावून पुढे धाडायचा. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखाशी तर थेट टपालच बंद. उरला रेडक्रॉसचा छापील फॉर्म : मजकूर जास्तीत जास्त पंचवीस शब्द, फक्त घरगुती, उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर. यायला महिनोन् महिने. आपल्याकडचं ‘येथील क्षेम जाणोन स्वकीय क्षेम लिहिणे’ एवढंच लिहिलं तरी सहा शब्द गेले. आईचं दुखणं, घर गेल्याची बातमी, हे सगळं उरलेल्या एकोणीसमध्ये.

अशा काळात मुंबईत एक लेखक येऊन राहिला होता. विली हास. जन्म प्रागचा, १८९१चा, लेखक काफ्काच्या ओळखीतला. १९२५पासून तो बर्लिनमध्ये ‘डी लिटरारिशे वेल्ट’ हे वाङ्मयीन साप्ताहिक चालवत होता. १९३३मध्ये हिटलर आला आणि हा ज्यू संपादक प्रागला परतला. मार्च १९३९मध्ये जर्मन फौजा प्रागमध्येही शिरल्या. मग मुंबई. इथे त्याचा जुना प्रागकर स्नेही, संगीतकार वॉल्टर कॉफमन, आकाशवाणीवर होता. आकाशवाणीची ती ओळखीची धून त्याचीच मानतात. हासला काम मिळालं मोहन भवनानींच्या चित्रसंस्थेत, पटकथा लिहिण्याचं. काफ्काचा समकालीन हिंदी सिनेमाच्या गोष्टी रचतोय, हे चित्र मला अजूनही पुरतं पचत नाही.

कॉफमनची बायको गेर्टी ही काफ्काची भाची, त्याची बहीण एली हिची मुलगी. एलीला ऑक्टोबर १९४१मध्ये प्रागहून लोजच्या घेट्टोत पाठवलं गेलं. ती परतली नाही. बाकीच्या दोघी बहिणीही नाझींनी मारल्या.

प्राग सोडण्याआधी हासच्या हाती एक गठ्ठा आला होता. पत्रकार मिलेना येसेन्स्का हिने काफ्काची तिला आलेली पत्रं १९३९च्या वसंतात त्याच्याकडे सोपवली. तो ती बरोबर घेऊन निघाला नाही. नातेवाइकांकडे ठेवून आला. लेखकाने हस्तलिखितं छातीशी धरून पळायचं असतं अशी आपली कल्पना, पण झडतीच्या वाटेवर कागद जवळ नसणंच शहाणपणाचं. पत्रं बचावली. मिलेनाला मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेस्टापोने पकडलं आणि मे १९४४मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत ती वारली. तिने काफ्काला लिहिलेली पत्रं आज उपलब्ध नाहीत.

सिनेमानंतर हासने ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या सेन्सॉर खात्यात नोकरी धरली. म्हणजे मित्राची खासगी पत्रं जपणारा माणूस पोटासाठी परक्यांची खासगी पत्रं उघडू लागला. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. जर्मन वाचू शकणारा आणि नाझींचा वैरी असा माणूस सरकारला हवाच होता, आणि निर्वासिताला पगार.

१९४७मध्ये तो युरोपात परतला, पुढे हॅम्बुर्गला स्थिरावला. १९५२मध्ये त्याने काफ्काची मिलेनाला लिहिलेली ती पत्रं छापली. बहुतेकांवर तारखा नव्हत्या, क्रम त्याने अंदाजाने लावला. शिवाय हयात माणसांना लागेल असा मजकूर गाळला. जुन्या नोकरीची सवय म्हणा किंवा भिडस्तपणा. वाचकाच्या हाती कात्री लागलेलीच पत्रं आली. हास १९७३मध्ये वारला, आणि बराचसा गाळलेला भाग परत घेऊन, क्रम नव्याने लावून पुस्तक निघालं ते १९८३मध्ये.