माशांच्या काचपेटीसाठी घरगुती देखावा

गावातील शाळेत, दवाखान्यात किंवा एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या ओसरीवर काचपेटीत ठेवलेले रंगीत मासे हल्ली पुष्कळदा दृष्टीस पडतात. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा काचेआडचे जिवंत मासे ही शहरातच पाहावयास मिळणारी नवलाची गोष्ट होती. आज तालुक्याच्या बाजारातही काचपेटी मिळते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा अंतर्भाव करण्यात आला, आणि तेव्हापासून हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. ज्या कुटुंबाने पिल्ले वाढवून विकण्याच्या हेतूने पैसे गुंतविले आहेत, त्यास पेटीतील प्रत्येक माशाचा हिशेब ठेवावा लागतो.

अशी पेटी भिंतीशी मांडली की मागील काचेतून भिंतीचे पोपडे, विजेची तार आणि खुंटीवरची पिशवी दिसू लागते. हे झाकण्यासाठी दुकानातून छापील कागद आणून चिकटविण्याची पद्धत आहे. त्यावर बहुधा समुद्रातील पोवळी छापलेली असतात आणि पुढे पोहत असतो गोड्या पाण्यातील गप्पी! त्यापेक्षा आपल्या ओढ्याच्या काठासारखा देखावा घरी तयार करणे अधिक शोभून दिसते, आणि त्यास खर्चही थोडाच येतो.

देखाव्याचा उपयोग माणसापेक्षा माशालाच अधिक आहे. ओढ्यातील लहान मासे उघड्यावर फार वेळ थांबत नाहीत. काठाची कपार, झाडाची मुळे, दगडांच्या फटी यांच्या आश्रयाने ते वावरतात. चारही बाजूंनी काच असलेल्या पेटीत त्यांना पाठ टेकावयास जागा उरत नाही. मागून कोणी गेले की ते दचकतात, कोपऱ्यात गोळा होतात व नीट खात नाहीत. शिवाय माशाच्या कातडीत रंगद्रव्याच्या पेशी असतात. भोवताल गडद असला की त्यांतील रंग पसरतो, पांढरा असला की आक्रसतो. म्हणूनच तोच मासा पांढऱ्या घमेल्यात फिका आणि काळसर दगडापुढे उठून दिसतो. विक्रीसाठी मासे ठेवणाऱ्याने ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

ज्यांस फार खटाटोप नको असेल त्यांनी मागील काचेस बाहेरच्या अंगाने काळा किंवा गडद निळा तेलरंग द्यावा. रंगाचा पाण्याशी संबंध येत नसल्याने माशांस अपाय होत नाही. पुष्कळ पेट्यांना एवढे पुरेसे असते.

पेटीच्या आत बसविण्याचा उठावदार देखावा करावयाचा असेल, तर प्रथम साहित्याचा विचार करावा. सर्वांस सुचतो तो थर्माकोल. तथापि २०१८ सालच्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास बंदी केली आहे. बंदी नसती तरीही त्याची शिफारस करणे कठीणच होते. थर्माकोल पाण्यावर तरंगतो हे लहान मूलही जाणते. परंतु तो पाण्याखाली दाबून धरण्यास किती जोर लागतो, याची कल्पना अनेकांना नसते. ५ लिटर आकारमानाचा तुकडा पाण्यात बुडविला तर तो जवळजवळ ५ किलो वजनाच्या जोराने वर उसळू पाहतो. पुढे एखाद्या रात्री चिकटवण सुटते आणि सगळा देखावा वर येतो.

त्याऐवजी जुन्या घराच्या मोडक्या कौलांचे तुकडे आणि जांभ्याच्या चिपा वापराव्यात. कौल ही भाजलेली माती आहे. पाण्यात ती विरघळत नाही. कोकणात जांभ्याच्या खाणीवर निकामी तुकडे पडलेले असतात. जांभा सच्छिद्र असल्याने त्यास कपारीचे रूप आपोआप येते. त्याची लाल धूळ मात्र पुष्कळ सुटते. ब्रशने घासून, स्वच्छ पाणी निघेपर्यंत तो धुवावा व नंतर उकळून घ्यावा. देशावर काळा पाषाण भरपूर आहे व तोही चांगला. परंतु त्यात कोठे कोठे पांढरे मणी भरलेले दिसतात, त्यांची परीक्षा घेतल्यावाचून तो पेटीत टाकू नये.

ही परीक्षा सोपी आहे. दगड प्रथम साध्या पाण्यात काही तास बुडवून ठेवावा, म्हणजे छिद्रांतील हवा निघून जाईल. नंतर तो पुसून त्यावर लिंबाचा रस पिळावा. रस फसफसू लागला, बारीक बुडबुडे येतच राहिले, तर त्यात चुनखडीचा अंश आहे असे समजावे. घरोघरी असणारी शहाबादी फरशी आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचेच दगड होत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. संगमरवर आणि शिंपले यांचीही तीच गत. असे दगड पाण्यास हळूहळू जड करतात. गप्पी व मॉली यांस जड पाणी मानवते, म्हणून त्यांचे फारसे बिघडत नाही. एंजल व टेट्रा यांच्या पेटीत मात्र ते नकोत. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, तांब्याची तार, किडीपासून राखण्यासाठी औषध लावलेला बांबू आणि ज्या डब्यात एकदा कीटकनाशक होते असा कोणताही डबा देखाव्याच्या कामी आणू नये.

येथे उदाहरणादाखल ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी घेतली आहे. तिच्या मागील बाजूसाठी एकच अखंड फळी करू नये. बहुतेक पेट्यांना वरच्या कडेशी काचेच्या आधारपट्ट्या असतात, आणि तयार झालेला देखावा त्यांतून आत जात नाही. तो तसाच अंगणात पडून राहतो. म्हणून १९ सेंटिमीटर रुंद व २६ उंच अशा तीन काचा कापून आणाव्यात व त्यांच्या कडा दुकानातच घासून घ्याव्यात. काचा स्वच्छ व कोरड्या करून त्यांवर मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने चिपा चिकटवाव्यात. बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नये, कारण त्यातील औषध माशांस घातक ठरते. चिकटवावयाच्या चिपा धुतल्यानंतर दोन दिवस उन्हात पूर्ण वाळलेल्या असाव्यात. ओल्या किंवा धुळकट दगडावर सिलिकॉन धरत नाही.

जड तुकडे खाली, हलके वर, असा क्रम ठेवावा. रचना करण्यापूर्वी गावच्या जुन्या विहिरीत किंवा नाल्याच्या कापलेल्या काठावर नजर टाकावी. तेथील थर आडवे असतात, मधेच एखादा दगड पुढे आलेला असतो व त्याखाली सावली असते. ही सावलीच देखाव्यास खोली देते. चिपा सारख्या मापाने, विटा रचल्याप्रमाणे लावल्या तर ती भिंत दिसेल, काठ दिसणार नाही. दोन तुकड्यांमधील सांधा सरळ उभ्या रेषेत न ठेवता, एका तुकड्याची चीप दुसऱ्यावर थोडी पुढे येईल असे करावे, म्हणजे जोड लपतो. प्लॅस्टिकचे किल्ले व बुडालेली जहाजे यांचा मोह आवरावा हे बरे!

चिपांमधील फटी भरण्यासाठी सिमेंटचा उपयोग करता येतो. एक भाग सिमेंट व दोन भाग धुतलेली बारीक वाळू यांत थोडा गेरू किंवा फरशीकामातील लाल ऑक्साइड मिसळले की जांभ्याशी रंग जुळतो. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइडच असल्याने त्याची भीती नाही. बाजारातील हिरवे, पिवळे रंग घेऊ नयेत; त्यांत काय असते याचा भरवसा देता येत नाही.

येथपर्यंतचे काम कोणीही हौसेने करतो. पुढील काम धीराचे आहे, आणि मासे मरतात ते नेमके येथेच. शनिवारी सिमेंट भरले, रविवारी ते दगडासारखे कठीण लागले, म्हणून संध्याकाळी पेटी भरून मासे सोडले. सोमवारी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागले आणि मंगळवारी सकाळी निम्मे उलटे तरंगत होते. दुकानदाराने रोगट मासे दिले असा समज होऊन पुन्हा नवे मासे आणले जातात, व तेही त्याच वाटेने जातात. वास्तविक दोष सिमेंटाच्या चुन्याचा असतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना त्यातून चुना सुटतो आणि तो कित्येक दिवस पाण्यात उतरत राहतो. सिमेंट कठीण झाले याचा अर्थ चुना संपला असा नव्हे.

चुन्याने पाणी क्षारधर्मी होते व माशांचे कल्ले भाजतात. याखेरीज आणखी एक घातक गोष्ट घडते. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून पाण्यात सदैव अमोनिया येत असतो. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंश तापमानास त्यातील शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला तर शेकडा सुमारे ५ भाग, आणि ९ झाला तर शेकडा ३६ भाग विषारी होतो. अमोनियम सल्फेटात चुना मिसळला असता नाकास झोंबणारा वायू सुटतो व खत वाया जाते, हे शेतकऱ्यांस माहीतच आहे. पेटीत तोच प्रकार होतो; फरक इतकाच की येथे तो मासा मारतो.

यावर उपाय म्हणजे पाणी आणि वेळ. भरलेल्या फटींवर ओले गोणपाट घालून, गोठ्याच्या कोब्याप्रमाणे आठवडाभर पाणी मारावे. नंतर तिन्ही तुकडे मोठ्या टोपात किंवा पिंपात पूर्ण बुडवून ठेवावेत. पहिला आठवडा रोज आणि पुढे दोन दिवसांआड पाणी बदलावे. बहुधा तीन ते चार आठवडे लागतात. व्हिनेगर टाकून हे काम एका दिवसात उरकते असे काही जण सांगतात. त्याने वरचा पापुद्रा तेवढा साफ होतो, आतील चुना तसाच राहतो.

काम पुरे झाले की नाही, हे ठरविण्यासाठी महागडे उपकरण असलेच पाहिजे असे नाही. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. घरी कुटलेली शुद्ध हळद औषधाच्या दुकानातील स्पिरिटमध्ये कालवून त्यात पांढऱ्या शोषक कागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. आता दोन बादल्यांत एकाच विहिरीचे पाणी भरावे. एकीत देखाव्याचा तुकडा ठेवावा, दुसरीत काही ठेवू नये. चोवीस तासांनी दोन्हींत एकेक पट्टी बुडवून शेजारी शेजारी धरावी. तुकड्याच्या पाण्यातील पट्टी अधिक तांबूस झाली तर आणखी आठवडाभर पाणी बदलावे. दुसरी बादली अनावश्यक वाटेल, पण ती हवीच. कारण काही विहिरींचे पाणी मुळातच क्षारधर्मी असते, आणि तुलना केल्यावाचून सिमेंटास विनाकारण दोष दिला जाईल. हळद सौम्य फरक दाखवीत नाही. म्हणून शेवटची खात्री सामू मोजण्याच्या कागदाने करून घ्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी असा कागद जवळ बाळगून गावातील अशा पेट्या एकदा तपासून दिल्या, तर पुष्कळांचे नुकसान टळेल.

तुकडे बसविताना त्यांचा भार पेटीच्या तळावर येऊ द्यावा, मागील काचेवर लटकवू नयेत. तळाशी व वरच्या कोपऱ्यांशी सिलिकॉनचे ठिपके देऊन ते सावरावेत आणि सिलिकॉन पुरते वाळण्यास दोनतीन दिवस द्यावेत. वाळताना येणारा आंबट वास पूर्ण गेला पाहिजे. देखावा आणि मागील काच यांमध्ये अर्धवट फट राहू देऊ नये. तेथे लहान पिल्ले शिरून अडकतात, मरतात व कुजतात, आणि पाणी कशाने नासले हे बाहेरून कळत नाही. एक तर कडा सिलिकॉनने बंद कराव्यात, किंवा पुरेशी जागा सोडून तेथे स्पंज फिल्टर बसवावा आणि तोंडाशी प्लॅस्टिकची बारीक जाळी लावावी.

देखावा पाण्याची जागा घेतो, ही गोष्ट मासे सोडताना विसरली जाते. वरील पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. सरासरी ३ सेंटिमीटर जाडीचा देखावा त्यातील सुमारे ५ लिटर, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा व्यापतो. तेवढ्या प्रमाणात मासे कमी सोडावेत. पाणी व दगड मिळून भार बराच होत असल्याने पेटी भक्कम, सपाट चौथऱ्यावरच ठेवावी. पहिल्या दिवशी सगळे मासे न सोडता दोनतीन मासे सोडून आठ दिवस त्यांच्या खाण्याकडे व श्वासाकडे लक्ष द्यावे.

महिन्या-दोन महिन्यांत जांभ्यावर हिरवट शेवाळ धरू लागते. ते खरवडून काढण्याची घाई करू नये. मॉली ते दिवसभर टिपत राहतात, आणि नव्या दगडाचा कोरा लाल रंगही त्याने मवाळ होतो. फारच वाढले तर तेवढाच भाग मऊ ब्रशने पाण्यातच पुसावा. साबण किंवा धुण्याचा सोडा मात्र देखाव्यास कधीही लावू नये.