ध्वनिमुद्रित आचार्य आणि घरची बैठक

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात शिकवणारा आवाज ध्वनिमुद्रित असतो. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले गोएंका ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. शिबिरे वाढली तशी १९८०च्या दशकात त्यांनी सहायक आचार्य नेमले, पण सूचना आणि संध्याकाळची प्रवचने ध्वनिफितीवरूनच ऐकवायची असे ठरले. २०१३ मध्ये गोएंका गेले. शिबिरे त्याच आवाजावर चालू आहेत.

पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस नाकपुड्यांजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे, हे आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायांपर्यंत अंगावरची प्रत्येक संवेदना, सुखद असो वा दुखरी, काही न करता पाहत राहायची. आवाज थोडे सांगतो आणि थांबतो. मग लांबच लांब शांतता असते आणि खरे काम तिच्यातच होते. मन रमवायला संगीत नाही, मंत्रही नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी मात्र या शिबिराला बसू नये, असे केंद्रेच सांगतात.

घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे आणि वर्षातून एक शिबिर करावे, अशी अपेक्षा असते. कठीण भाग हाच. शिबिरात घंटा, मौन, आयते जेवण आणि शेजारी बसलेले साधक माणसाला सांभाळून घेतात. घरी तोच तास पाण्याची वेळ, मुलांचे डबे आणि लोकल यांच्यातून काढावा लागतो. सकाळची बैठक हुकली की संध्याकाळचीही टळते, आणि आठवडाभरात सवय विरते. म्हणून जुने साधक आठवड्याच्या सामूहिक साधनेला जातात. चार जणांसोबत बसले की मोडलेला नेम पुन्हा धरता येतो. फळही सावकाश दिसते: राग तसाच येतो, पण छातीतली धडधड आधी कळते आणि तोंडचा शब्द क्षणभर थांबतो.

वीस, तीस, पंचेचाळीस आणि साठ दिवसांची शिबिरे जुन्या साधकांसाठीच असतात. त्यांतल्या वीस दिवसांच्या शिबिराला दहा दिवसांची पाच शिबिरे आणि एक सतिपठ्ठान शिबिर झालेले लागते. शिवाय किमान दोन वर्षे घरी रोज दोन तास बसलेले असावे लागते.