रुंद पिकअपवर दुकानाची पेटी : चढवावी कशी, भरावी किती

बीड जिल्ह्यात आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याचे निम्मे आयुष्य गाठोडी बांधण्यात आणि सोडण्यात जाते. पहाटे गोदामातून माल गाडीत, बाजारात गाडीतून पालात, सांजेला पालातून गाडीत आणि रात्री पुन्हा गोदामात. एक तागा दिवसातून चार वेळा उचलला जातो. चार वेळा घडी मोडते, कड मळते, आणि मळकी कड दाखवून ग्राहक भाव पाडतो तो वेगळाच. म्हणून पुष्कळ व्यापारी बांधव आम्हाला विचारतात की, पत्र्याची पेटी करून आत फळ्या माराव्यात, माल कायम तिच्यातच ठेवावा आणि बाजाराच्या दिवशी सगळी पेटीच पिकअपवर चढवून न्यावी, हे जमेल काय? जमेल. अवश्य करावे. पण पेटी करणारा वेल्डर आणि गाडी विकणारा एजंट हे दोघे जे सांगत नाहीत, ते आधी ऐकून घ्यावे.

आमच्या वडिलांच्या पिढीने एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून बाजार केले. त्याआधी बैलगाडी होती. मग मॅटॅडोर आली. २००५ साली टाटाची छोटी गाडी निघाली, तिला लोकांनी छोटा हाथी म्हटले, आणि एकट्या माणसालाही स्वतःची गाडी घेऊन बाजार करणे परवडू लागले. छोट्या हाथीचा हौदा मात्र रुंदीला पाच फुटांच्या आतच. बोलेरो पिकअपचा हौदा साडेपाच फुटांपर्यंत रुंद आणि नऊ फुटांपर्यंत लांब मिळू लागला. साडेपाच फूट रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंना फळ्या मारून मध्ये माणूस उभा राहू शकतो. पेटीची कल्पना सगळ्यांच्या डोक्यात शिरली ती या रुंदीमुळेच, आणि घोटाळाही या रुंदीतूनच होतो. हौदा रुंद झाला म्हणजे पाटे, धुरा आणि टायर यांची ताकद त्याच मापाने वाढली, असे मुळीच नाही.

वजनाचा हिशेब करून पाहू. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सहा फूट उंच अशी पेटी धरा. १८ गेजचा पत्रा चारी बाजूंना आणि वर, हा झाला दोनशे किलोच्या आसपास. चाळीस मिलिमीटरचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. सांगाडा आणि आडवे-उभे आधार मिळून पन्नास मीटर तरी लागतो, म्हणजे दीडशे किलो. तळाला जाड प्लाय, आत फळ्या, दाराच्या बिजागऱ्या, कडी-कुलूप हे सगळे आणखी शंभर किलो. रिकामी पेटीच साडेचारशे किलोंची झाली! गाडी १३०० किलो वाहणारी असेल तर उरले साडेआठशे. चालक, मालक आणि एक गडी हे तिघेही याच वजनात मोजायचे, त्यांचे दोनशे धरा. मालासाठी राहिले साडेसहाशे किलो.

आता कापडाकडे वळू. फळ्यांवर रचलेले सुती कापड घनफुटाला सात किलोच्या घरात भरते. साडेसहाशे किलो म्हणजे साधारण त्र्याण्णव घनफूट. आपली पेटी आहे जवळपास तीनशे घनफुटांची. म्हणजे पेटी एक-तृतीयांशही भरली नाही तोच गाडीचे वजन पुरे झाले. उरलेल्या दोन-तृतीयांश रिकाम्या जागेकडे बघून व्यापाऱ्याचा जीव तळमळतो. तो मालेगावच्या साड्यांचे दोन गठ्ठे आणखी टाकतो, वर सोलापुरी चादरी टाकतो, आणि गाडीने काही तक्रार केली नाही म्हणून समाधान मानतो. गाडी तक्रार करते, पण सपाट रस्त्यावर करीत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की पेटी हलकी करावी. पत्रा २० गेजचा घेतला तर पन्नास किलो वाचतात. सहाऐवजी पाच फूट उंचीची करावी, ग्राहकाला आत यायचे नसते, आपल्यालाच वाकून काढायचे असते. आणि वजन अंदाजाने ठरवू नये. आर.सी.वर रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे असे दोन आकडे छापलेले असतात, त्यांच्यातला फरक हीच आपली मर्यादा. पेटी तयार झाली की एकदा वजनकाट्यावर जावे. काट्याची पावती गाडीत ठेवावी.

दंडाचेही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. पूर्वी जादा वजनाला दोन हजार दंड होता, तो कलम १९४ खाली वीस हजार झाला, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे. माल हौद्याच्या बाहेर आडवा, मागे किंवा हद्दीबाहेर उंच निघाला तरी वीस हजारच. एका बाजाराचा नव्हे, पुष्कळ बाजारांचा नफा एका पावतीत जातो. शिवाय पेटी चासीला वेल्ड करून टाकली की ती नुसता माल राहत नाही, गाडीतला बदल ठरते. कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे सांगितले. पेटी सुटी, काढता-घालता येणारी ठेवणे हेच शहाणपण. कायमची करायची असेल तर आधी आर.टी.ओ.त जाऊन नोंद करून घ्यावी, नाहीतर अपघाताच्या वेळी विम्याची कंपनी बोट ठेवायला जागा शोधतेच.

सुटी पेटी चढवायची कशी, हा खरा कारागिरीचा भाग. अमेरिकेत लोक झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली अख्खी खोली पिकअपच्या हौद्यात बसवून फिरतात. तिला ते ट्रक कॅम्पर म्हणतात, आणि मोठा कॅम्पर दीड टनांच्याही वर जातो. तो चढवायला क्रेन लागत नाही. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार जॅकचे पाय असतात. ते उंच करायचे, गाडी उलटी चालवत पायांच्या मधून खोलीखाली न्यायची आणि खोली हळूहळू हौद्यात उतरवायची. तिथल्या मोठ्या पिकअपला मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असतात, गाडी मागच्या बाजूला आठ फुटांपर्यंत रुंद होते. मग साध्या गाडीच्या मापाचे पाय आड येतात, म्हणून पायांचे कान बाहेर सरकवून घ्यावे लागतात. आपल्याला हीच पद्धत उपयोगी आहे. सहा हमाल लावून साडेचारशे किलोंची पेटी ढकलण्यात बोटे चेचतात आणि पेटीचा सांगाडाही तिरका होतो.

पेटीच्या चारी कोपऱ्यांना जाड पट्टीचे कान नटबोल्टने बसवावेत. वेल्ड करू नयेत, म्हणजे रस्त्यावर काढून ठेवता येतात. कान इतके बाहेर हवेत की समोरासमोरच्या दोन पायांमध्ये गाडीच्या पूर्ण रुंदीपेक्षा दोन्हीकडे एकेक वीत जागा राहील. माप हौद्याचे घेऊ नये, गाडीचे घ्यावे. हौद्याच्या कडा, बिजागऱ्या, फाळक्याच्या कड्या हे सगळे बाहेर डोकावत असते. हौद्याची उंची रिकाम्या गाडीवर मोजावी, कारण वजन पडले की पाटे दबतात आणि परत पेटी काढताना पाय लांबीला पुरले नाहीत असे होते.

जागा सपाट आणि कडक हवी. आपल्या गंगथडीची काळी माती पावसानंतर कशी असते ते कोणाला सांगायला नको. जॅकचा पाय तिच्यात वीतभर शिरतो आणि पेटी एका अंगावर कलते. प्रत्येक पायाखाली दीड फूट लांबी-रुंदीची जाड फळी द्यावी. चारी पाय एकाच वेळी थोडे थोडे वर घ्यावेत, चौघे असतील तर उत्तम, दोघे असतील तर समोरासमोरचे दोन, मग मागचे दोन. एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी खाली असे कधी करू नये. उंची झाली की पायात आडवी पिन घालावी, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. पेटी पायांवर उभी असताना तिच्याखाली माणूस जाणार नाही, मग कोणाची चप्पल खाली राहिली असली तरी.

गाडी मागे घेताना सांगणारा एकच असावा. आमच्याकडे चौघे चार दिशांनी ओरडतात, "येऊ द्या, येऊ द्या", आणि चालक बिचारा कोणाचे ऐकावे या पेचात पडतो. गाडी आत आली की चाकांना उटी लावावी, हँडब्रेक ओढावा आणि मगच पेटी उतरवावी. पेटी आणि हौदा यांच्यामध्ये जुन्या टायरच्या रबराच्या पट्ट्या घालाव्यात. लोखंडावर लोखंड घसरते, रबर धरून ठेवते. पेटी रिकामीच चढवावी, माल नंतर भरावा. भरलेली पेटी उचलणाऱ्यांनी जॅक कशासाठी बनवला आहे याचा एकदा विचार करावा.

माल भरताना तराजू आठवावा. मागचा धुरा ही तराजूची दांडी. धुऱ्याच्या मागे लटकलेले वजन पुढची चाके हलकी करते. पुढच्या-मागच्या चाकांत ३.२ मीटर अंतर असेल आणि धुऱ्याच्या १.२ मीटर मागे दोनशे किलोचे गठ्ठे ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे पंचाहत्तर किलो वजन कमी होते आणि मागच्यांवर पावणेतीनशे चढते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते. चालकाला वाटते, गाडी आज छान चालते आहे. धारूरच्या घाटात वळणावर कळते की ती वळतच नव्हती.

अडचण अशी की दुकान मागच्या दाराने उघडते. जे जास्त खपते ते दाराशी हवे, आणि आपल्या बाजारात चादरी, सतरंज्या, धोतरजोड्या हेच खपते आणि हेच जड असते. यावर आम्हाला एकच तोड सुचते. दार मागे न करता डाव्या बाजूला करावे, वर उचलले की त्याचीच सावली होते. मग जड माल तळाला आणि केबिनच्या बाजूला, ओढण्या-बनियन वर आणि मागे. फळ्यांना पुढून पट्टी मारावी, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला सगळे तागे खाली.

उंचीचा प्रश्न राहिला. आपल्या पिकअपचा हौदा चाकांच्या वर असतो, तेव्हा सहा फुटी पेटी जमिनीपासून नऊ फुटांच्या आसपास जाते. वस्तीतल्या लोंबत्या तारा आणि लिंबाच्या फांद्या आधी पाहून ठेवाव्यात. त्याहून वारा वाईट. पाटोदा, मांजरसुंबा या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ताशी ६० किलोमीटरचा आडवा वारा अशा पेटीच्या बाजूवर शंभर किलोच्या आसपास जोर लावतो. बाजार संपवून पेटी रिकामी होत आलेली असते, तेव्हाच तो जास्त जाणवतो.

सर्वांत मोठी परीक्षा दसरा ते दिवाळी या दिवसांत होते. ऊसतोड कामगारांच्या हाती उचल आलेली असते, कारखान्यावर निघण्यापूर्वी पोराबाळांना कपडे घ्यायचे असतात, आणि आपल्या कापडवाल्यांची वर्षाची निम्मी कमाई याच महिन्यात होते. एक फेरी वाचवावी म्हणून पेटी छतापर्यंत भरली जाते आणि ज्यांना केबिनमध्ये जागा उरत नाही ते दोन गडी पेटीवर बसतात. माल वाहणाऱ्या गाडीत माणसे बसवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तो पोटासाठी आलेला पोरगा कोणाच्या तरी घरचा आधार असतो. दोन फेऱ्यांचे डिझेल हिशेबात धरूनच मालाचा भाव लावावा. तेवढे धरूनही भाव परवडत नसेल तर तो बाजार सोडून द्यावा, दुसरा धरावा.

बांधण्याबद्दल एवढेच. जोरात ब्रेक लागला की पेटी आपल्या वजनाच्या पाऊणपटीने पुढे ढकलते. काथ्याचा दोर इथे कामाचा नाही. चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे लावावेत, तेही फाळक्याच्या कडीत नव्हे, चासीला पक्क्या बसवलेल्या हुकांत. पट्टा पत्र्याच्या धारेवरून जात असेल तर खाली गोणपाटाची घडी द्यावी. पहिल्या दहा किलोमीटरनंतर गाडी थांबवून चारी पट्टे पुन्हा ओढावेत, कारण तेवढ्यात रबर दबलेले असते आणि पेटी जागेवर बसलेली असते. बीडहून दक्षिणेला निघालात तर पालीला थांबा. पुढे घाट आहे.