थोडे थांबाल, तर पुष्कळ मिळेल

लग्नाच्या पंगतीत बसल्या जागेवरून पार त्या टोकाच्या आत्याला हाक मारून पाहा. ओरडलात तर तिला ऐकू जाईल. पण तेवढा वेळ मधल्या साऱ्यांच्या गप्पा बुडतील. हळूच शेजाऱ्याला सांगितलेत, त्याने पुढच्याला, असे करत निरोप पोचेलही. पण मग प्रत्येकाचा बराचसा वेळ दुसऱ्यांचे निरोप पुढे ढकलण्यातच जाईल. बिनतारी उपकरणांची अडचण नेमकी हीच आहे.

मनोऱ्याचा आधार न घेता उपकरणांनी एकमेकांच्याच मदतीने संदेश पोचवायचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली याचे गणित मांडले. उत्तर निराशाजनक होते. तेवढ्याच जागेत स्थिर उपकरणे शंभरपट झाली, की प्रत्येकाचा वाटा दहाव्या हिश्शाच्याही खाली जातो.

मथियास ग्रॉसग्लाउझर आणि डेव्हिड त्से यांनी २००२ च्या निबंधात साधाच प्रश्न विचारला : ही मंडळी जागची हलली तर? निरोप शेजारून जाणाऱ्या कोणाच्याही हाती द्यायचा. तो हिंडता हिंडता कधीतरी आत्याजवळ येईल, तेव्हा तिच्या कानात सांगेल. हातबदल फक्त दोन. त्यामुळे गर्दी वाढली तरी वाटा घटत नाही! मात्र ‘कधीतरी’ या शब्दाची किंमत मोजावी लागते. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या देवघेवीचा हिशेबच मांडला. वाटा वाढवून हवा असेल, तर विलंब सोसावा लागतो.

हे सारे कागदावरचेच, असे वाटेल. पण त्याच सुमारास कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर तालुक्यात ‘डाकनेट’ हा प्रयोग झाला. तेथे चक्क बस निरोप्या झाली! जमिनीच्या उताऱ्यासाठी, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारख्या कागदासाठी, शेतकऱ्याला तालुक्याला खेटे घालावे लागत. बसवर एक बिनतारी पेटी बसवली. बस गावातून जाताना तेथील संगणकाशी पेटीची देवघेव होई. तालुक्याला पोचली, की मागण्या उतरत आणि उत्तरे चढत. कंबोडियात हेच काम मोटरसायकलींनी केले, गावच्या शाळांसाठी. गावोगावी तारा ओढण्याचा खर्च वाचला.

उतारा संध्याकाळच्या बसने आला तरी शेतकऱ्याचे अडत नाही. उलट त्याची दिवसभराची मजुरी वाचते. पण घरात कोणाला साप चावला असेल, तर डॉक्टरला बोलावण्यासाठी बसची वाट पाहून कसे चालेल? तेथे चार शब्दच हवेत, पण या क्षणी. पुष्कळ की लवकर, याचे एकच उत्तर गणित देत नाही. ते कशाची किती किंमत पडेल, एवढेच सांगते. पलीकडे कोण आणि कशासाठी थांबले आहे, हे आपणच पाहायचे असते.