मॉरिशसचं बॅडमिंटन: ऐकीव काय, खरं काय

सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी या जोडीची आज वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. 2022 चा थॉमस चषक, 2023 चं आशियाई सुवर्णपदक, त्यापाठोपाठ जागतिक क्रमवारीतलं पहिलं स्थान. पण दोघंही विशीच्या आत असताना, 2016 मध्ये, त्यांनी मिळून जिंकलेल्या सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपैकी एक होती मॉरिशस इंटरनॅशनल. ही गोष्ट सांगितली की समोरचा हमखास विचारतो, "मॉरिशसमध्ये बॅडमिंटन खेळतात?"

खेळतात, आणि जीव ओतून खेळतात. या देशाचं क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या घरात, म्हणजे तीही गोव्यापेक्षा कमीच. गोव्याने स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा करून ऑलिंपिकला, राष्ट्रकुलला आणि जागतिक सांघिक स्पर्धांना पाठवायचं ठरवलं, तर किती मुलामुलींमधून निवड करावी लागेल, हे मनात धरूनच पुढचं वाचावं.

पहिला समज आफ्रिकेबद्दलचा आहे. आफ्रिका म्हणजे फुटबॉल आणि लांब पल्ल्याची धावाधाव, बॅडमिंटन आशिया आणि डेन्मार्कचं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आफ्रिकेचा बॅडमिंटन महासंघ 1977 मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये स्थापन झाला आणि पहिली आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धा 1979 मध्ये घानातल्या कुमासीत भरली. बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये पदकांचा खेळ झाला तो 1992 मध्ये, त्याच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट. नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त, अल्जीरिया, युगांडा या सगळ्या देशांत हा खेळ रुजला आहे. मॉरिशसला त्यांच्याशीच झुंजावं लागतं, आणि त्यात वीस कोटींहून जास्त लोकांचा नायजेरिया आहे, दहा कोटींहून जास्त लोकांचा इजिप्त आहे.

दुसरा समज आपल्याकडे जास्त आहे, आणि तो प्रेमापोटी आहे: "तिथे सगळे आपलेच लोक." मॉरिशसशी मराठी माणसाचं नातं खरं आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूने, माणसं मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर करारावर गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण म्हणून संघाला 'भारतीयांचा संघ' म्हणणं त्या देशावर अन्याय करणारं आहे. नावंच पाहा. केट फू कुन आणि तिची बहीण कॅरेन, दोघीही ऑलिंपिक खेळलेल्या, चिनी वंशाच्या. तिथल्या चिनी कुटुंबांत पहिल्यांदा बेटावर उतरलेल्या पूर्वजाचं अख्खं नावच पुढे आडनाव होऊन बसतं. ज्युलियन पॉल टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरी खेळला. शिवाय आतिश लुबा आहे, आणि बीहारी, सवाराम अशी आडनावंही आहेत. चिनी, आफ्रिकी, फ्रेंच, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी अशा घरांतून आलेल्या लोकांची रोजच्या बोलण्यातली सामाईक भाषा मॉरिशियन क्रिओल आहे. हा मॉरिशसचा संघ आहे, आणि आपुलकी वाटायला तेवढं पुरेसं आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो तिसरा समज. लहान देशांना ऑलिंपिकचं तिकीट फुकटात मिळतं, असं टीव्हीसमोर बसून सहज बोललं जातं. ज्या देशांचे खेळाडू फार थोडे असतात त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात, हे खरं. पण एकेरीतल्या प्रवेशाचा मुख्य आधार जागतिक क्रमवारी हाच असतो, आणि खंडाचं प्रतिनिधित्व म्हणून मिळणारी जागासुद्धा त्या खंडातल्या क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या खेळाडूला जाते. क्रमवारीत वर राहायचं कसं? बावन्न आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. वर्ल्ड टूरवरची सुपर 1000 श्रेणीची स्पर्धा जिंकणाऱ्याला 12,000 गुण मिळतात, इंटरनॅशनल चॅलेंज जिंकली तर 4,000, इंटरनॅशनल सिरीजला 2,500 आणि फ्युचर सिरीजला 1,700. मोठ्या स्पर्धेत शिरकाव व्हायला आधी क्रमवारी लागते. म्हणून बेटावरच्या खेळाडूला या खालच्या पायऱ्यांवरच गुण वेचत फिरावं लागतं, आणि कुठेही जायचं तर विमानाशिवाय गत्यंतर नाही. आफ्रिकेची मुख्य भूमीच तिथून सुमारे 2,000 किलोमीटर दूर आहे. पुण्याची मुलगी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी हैदराबादच्या कोर्टवर उतरू शकते. मॉरिशसच्या मुलीला तशी गाडी नाही. केट फू कुनने सरावासाठी युरोप गाठला, कारण रोज नवा आणि आपल्याहून सरस प्रतिस्पर्धी घरच्या बेटावर मिळणं अवघड. रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशाचा झेंडा तिच्या हातात होता, त्यामागे ही सगळी पायपीट आहे.

बेट म्हणजे समुद्रकिनारा, मोकळी हवा, मजेत खेळ, असंही चित्र काहींच्या डोळ्यांसमोर असतं. स्पर्धेच्या बॅडमिंटनला मोकळी हवा मुळीच चालत नाही. शटलला सोळा पिसं आणि वजन पाच ग्रॅमच्या आसपास; वाऱ्याची झुळूक आली तरी ती वाट सोडते. बंद, उंच छताचं सभागृहच लागतं. मॉरिशसच्या या खेळाचं घर रोझ हिल इथलं राष्ट्रीय बॅडमिंटन केंद्र. उष्ण हवा विरळ असते, तीत शटल जास्त दूर जाते, म्हणून तिथे कमी वेगाची शटल निवडावी लागते. सामन्याआधी तिची पारख कशी होते ते पाहण्यासारखं आहे. खेळाडू मागच्या रेषेवर उभा राहतो, खालून वर पूर्ण ताकदीने शटल मारतो आणि ती समोरच्या मागच्या रेषेच्या किती अलीकडे पडते ते बघतो. 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडली तर शटल योग्य. रेषेच्या पार गेली तर ती बाजूला ठेवून दुसरी काढायची. जानेवारीच्या थंडीत युरोपात खेळून आलेल्या खेळाडूचा हात घरच्या सभागृहात पुन्हा बसायला वेळ लागतो, तो यामुळेच.

आणि आता हरण्याबद्दल. "गेले आणि सगळे सामने हरून आले" हे वाक्य अशा संघांच्या वाट्याला नेहमीचं. सांघिक लढतीची रचना समजून घेतली तर या वाक्यात काय सुटतं ते कळतं. पुरुषांच्या थॉमस आणि महिलांच्या उबर चषकात एका लढतीत पाच सामने: तीन एकेरी, दोन दुहेरी. एक खेळाडू फार तर एक एकेरी आणि एक दुहेरी खेळू शकतो. तुमच्याकडे खंडातली सर्वोत्तम मुलगी असली तरी ती एकटी लढत जिंकून देऊ शकत नाही. दुसरी आणि तिसरी एकेरीची खेळाडू लागते, दोन दुहेरी जोड्या लागतात. मोठा देश तिसऱ्या एकेरीला जी मुलगी उतरवतो, ती जगातल्या पहिल्या पन्नासांत असू शकते. मॉरिशसची तिसरी खेळाडू अनेकदा शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळणारी असते. संघाची खरी परीक्षा त्या तिसऱ्या क्रमांकावर होते, आणि आपण मात्र स्टार खेळाडूच्या गुणफलकावरून निकाल लावून मोकळे होतो.

असं असूनही मॉरिशसच्या मुली दोनदा आफ्रिकेच्या प्रतिनिधी म्हणून उबर चषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचल्या: 2016 मध्ये चीनमधल्या कुनशानला आणि 2018 मध्ये बँकॉकला. 2016 चं तिकीट त्यांनी घरच्या रोझ हिलमध्ये मिळवलं होतं. 2018 चं मिळवायला अल्जीयर्सला जावं लागलं. नकाशा उघडून पाहा: रोझ हिलहून अल्जीयर्स आठ हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे, मुंबई पाच हजारांच्या आत.

2018 च्या फेब्रुवारीत अल्जीयर्समध्ये खंडाचं सांघिक विजेतेपद. एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा, तिथे मिश्र संघ गटातून वर येऊन उपांत्यपूर्व फेरीत. समोर भारत, निकाल 3-0. त्याच भारताने पुढे अंतिम फेरीत मलेशियाला हरवून सुवर्ण घेतलं. मग मे महिन्यात बँकॉक, गटात कोरिया आणि डेन्मार्क. चार महिन्यांत तीन खंड, आणि तेही गोव्यापेक्षा कमी वस्तीच्या एका बेटावरून.