मातीतला पाय, गादीवरचा बूट

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव मातीत घडले. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पायाखाली गादी आली. तिचा फारसा सराव नसताना ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटाचं कांस्यपदक त्यांनी पटकावलं. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने यांनी सुवर्णपदकं आणली, तीही गादीवरच. मातीकडून गादीकडे जाताना डाव बदलतात हे सगळेच सांगतात. त्याआधी बदलतं ते तळपायाखालचं घर्षण.

आखाड्यातली माती खणून भुसभुशीत केलेली असते. जोर लावला की बोटं तिच्यात रुततात. मातीचे कण एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, तोच पायाचा आधार. जोर फारच वाढला तर मातीच सरकते, पाय तिच्याबरोबर जातो आणि गुडघ्यावरचा पीळ हलका होतो. इथे अनवाणी पायच उत्तम.

गादीचं आवरण गुळगुळीत. घामेजलेला तळवा त्यावर घसरतो. म्हणून घोट्यापर्यंतचे, पातळ रबरी तळव्याचे, टाच नसलेले बूट लागतात. मऊ रबर आवरणाला दाबून बसतं, प्रत्यक्ष स्पर्शाची जागा वाढते, पकड वाढते. पण इथे सरकायला माती नाही. पाय जागीच चिकटला आणि धड वळलं, तर सगळा पीळ गुडघ्यातल्या अस्थिबंधांवर येतो.

मेक्सिकोत 1969 साली जन्मलेल्या पॅडेल या रॅकेटच्या खेळाचं कोर्ट या दोन्हींच्या मधलं आहे. 20 बाय 10 मीटरच्या कृत्रिम हिरवळीवर वाळू पसरलेली असते आणि तिचे कण बुटाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. तळव्याला नागमोडी खाचा असल्या की कण त्यांत शिरतात आणि रबर हिरवळीच्या तंतूंपर्यंत पोहोचतं. वाळू कमी असेल तर खोल खाचा नको इतक्या पकडतात. तिथे बारीक उंचवट्यांचा तळवा बरा.

धावण्याचे बूट यांपैकी कुठेच चालत नाहीत. ते सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. बाजूला झेप घेताना उंच, मऊ टाच कलंडते आणि घोटा मुरगळतो. तालमीसाठी गादी घेताना पोरांच्या कुस्तीच्या बुटांचा खर्चही त्याच हिशेबात धरावा, असं मला कळकळीनं वाटतं. आणि ते बूट रस्त्यावर घालू देऊ नयेत. तळव्याला चिकटून आलेली वाळू गादीवर पडली की पकड सुटते, आवरण खरवडतं आणि पैलवानाची कातडीही सोलवटते.