‘वय झालं’ म्हणून सोडू नका

“वय झालं, आता गुडघे दुखणारच!” सासूबाईंना मीही हेच म्हणायचे. त्याही मुकाट्याने पोळ्या लाटत राहायच्या. गेल्या वर्षी त्यांचे पाय सुजले, रक्त तपासलं, तर क्रिएटिनीन वाढलेलं. तेव्हा कळलं, दोन वर्षं त्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून गुपचूप घेत होत्या. डॉक्टर म्हणाले, “उतारवयात या गोळ्या किडनीला आणि पोटाला बाधतात.”

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२०मध्ये सांगितलं, की माणूस ‘दुखतंय’ म्हणाला तर त्याचा मान राखा. आणि एखाद्याला सांगता येत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असं समजू नका.

आता सासूबाई खुर्चीत बसून रोज पाय सरळ करतात, दहा आकडे मोजतात. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याला आधार मिळतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच. दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण त्या देवळापर्यंत चालत जातात. आणि मी रोज विचारते, “आई, आज किती दुखतंय?”

मैत्रिणींनो, तुम्हीही विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.